कौलावरचा दात

हिराबाई घोलवडच्या नर्सरीत चिकूची कलमं बांधते. झरीतल्या तिच्या घराला लागूनच कबड्डीचं मैदान आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे तिची लेक रविना पकड करायला वाकली आणि चढाई करणारीचा गुडघा तिच्या तोंडावर बसला. वरचा पुढचा दात मुळासकट मातीत पडला.

हिराबाई धावत आली. रविनाचे दुधाचे दात तिने जिथे टाकले होते तिथेच हाही भिरकावला, घराच्या कौलांवर. उंदराने नवा आणून द्यावा म्हणून.

तोवर प्रशिक्षक गौरव सरांनी तलासरीच्या दातांच्या डॉक्टर कीर्तीताईंना फोन लावला होता.

"दात कुठाय?"

"कौलावर. हिराबाईंनी उंदराला दिला."

"मग उंदराकडून परत घ्या! पक्का दात आहे, याच्यामागून नवा येत नाही. जागेवर बसवता येतोय?"

"ती तोंडच उघडत नाही."

"मग दुधात टाका. मुळाला हात लावू नका, घासू नका. तासाभरात पोचलात तर कदाचित जगेल."

हिराबाई पदर खोचून वर चढली. दोन कौलं फुटली, पण पन्हळीत अडकलेला दात मिळाला. चहाच्या दुधात तो बुडवून तिने पेला रिक्षात वाटभर छातीशी धरला.

"मुळाला हात का नाही लावायचा, सर?"

"ते डॉक्टरांनाच विचारा."

तिने दवाखान्याच्या दारातच विचारलं. कीर्तीताई दात बसवता बसवता म्हणाल्या, "मुळावर बारीक साल असते. ती जिवंत असते, सुकली की मेली."

"म्हणजे आमच्या कलमाच्या काडीगत. आम्ही ती ओल्या फडक्यात ठेवतो. मग आता गच्च बांधणार?"

"नाही. तार लावायची, पण दात जरासा हलला पाहिजे."

"हलला पाहिजे? आमचं कलम हललं तर गेलंच!"

पुढचे पंधरा दिवस हिराबाई रोज लेकीच्या तोंडात डोकावत होती. तार निघाली. दात घट्ट होता. मुळाची नस मात्र साफ करावी लागली, आणि अजून काही वर्षं तो तपासत राहावं लागेल.

आता रविना दातांवर रबरी गार्ड घालून खेळते.

"आई, हे घालून 'कबड्डी कबड्डी' नीट म्हणताच येत नाही. दम तुटतो."

"दम आधीपासूनच तुटतोय तुझा. बिचाऱ्या गार्डवर ढकलू नको," हिराबाई म्हणते, आणि चढाईआधी तिला तोंड उघडायला लावते.