मास्तरांच्या पोटावरचा सिनेमा

सेंतानीजला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे मोर्न-कालबासच्या डोंगरावरची निम्मीअधिक माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातात. आणि दुसरी तिची पांढरी चादर. ही चादर फक्त बाळंतपणाची. दर खेपेला उकळून, उन्हात वाळवून, कोळशाच्या इस्त्रीने कडक करून ती पत्र्याच्या पेटीत जायची. बाईचं वय बहात्तर. सगळा डोंगर तिला ग्रान म्हणजे आजी म्हणायचा आणि तिच्या तोंडाला टरकून असायचा.

दोन वर्षांपूर्वी राजधानीतून काही पोरंपोरी कॅमेरा घेऊन आली होती. देश पेटलेला असताना हैतीतल्या बाया बाळंत होतात तरी कशा, यावर त्यांना फिल्म काढायची होती. चार दिवस ती ग्रानच्या मागे शेपटासारखी फिरली. तेव्हापासून "फिल्ममध्ये मी आहे" हे ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते.

"नाही आहात," ओदिलाँ मास्तर म्हणाले. "माझ्या मेव्हण्यानं पाहिलीय. तुम्हाला कापलंय."

ओदिलाँ मास्तर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. पुढे पोट, पोटावर खळ घातलेला पांढराशुभ्र शर्ट. आपला जन्म राजधानीच्या मोठ्या हॉस्पिटलात, चष्मेवाल्या डॉक्टरच्या हातून झाला, असं ते गेली चाळीस वर्षं सांगत आले होते. वास्तविक सतरा वर्षांच्या सेंतानीजने आईच्या देखरेखीखाली बाहेर काढलेलं पहिलं बाळ म्हणजे हेच. "तेव्हा माझा हात बसला नव्हता, म्हणून तुझं डोकं असं चपटं," असं ती त्यांना भर बाजारात सुनवायची.

त्या दिवशी मात्र तिचा पारा चढला. "ऐक मेल्या! मी फिल्ममध्ये नसले, तर माझी पेटी दवाखान्याच्या नर्सला, मिस गेर्दाला देऊन टाकीन. पुन्हा कुणाच्या बाळाला हात लावणार नाही. पण असले, तर सगळ्यांदेखत सांगायचं, तू कुठं जन्मलास ते!"

बोलून गेली आणि घरी येऊन पेटीजवळ बसून राहिली. खरंच कापलं असेल तर? पेटी गेली की मागे उरणार काय, एक म्हातारी आणि तीन कोंबड्या. तिला रडूच आलं.

फिल्म आणली मिस गेर्दानेच. खालचा रस्ता बंदूकवाल्या पोरांनी टायर जाळून अडवला होता, म्हणून ती खेचरावरून मागच्या डोंगरवाटेने आली. दिवस वाईट, म्हणून ठरलं की शाळेच्या अंगणात सूर्य बुडताच खेळ सुरू करायचा आणि फाटकाला साखळी लावायची. जनरेटरला जेमतेम एक गॅलन पेट्रोल मिळालं. पडद्याला मात्र पांढरी, बिनठिगळाची चादर गावभर एकच होती. ग्रानने ती स्वतः आणून दोरीवर टांगली. "माझं तोंड माझ्याच चादरीवर दिसू दे," ती म्हणाली.

तळलेली केळी आणि झणझणीत पिक्लीझ, म्हणजे कोबी-मिरचीचं लोणचं, खात दोनशे माणसं बसली. फिल्ममध्ये एक नवरा धावत दाईच्या फाटकाशी आला आणि ओरडला, "ओने!"

आता आमच्याकडे कुणाच्या फाटकाबाहेर उभं राहून "ओने!" म्हटलं, म्हणजे मान दिला. आतून "रेस्पे!" आलं, म्हणजे आदर मिळाला, मग पाऊल आत. हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. चादरीवरचा असला म्हणून काय झालं, माणूस फाटकात ताटकळतोय! दोनशे तोंडं एकदम बोलली, "रेस्पे!"

मग चटकच लागली. फिल्ममध्ये कुणीही कुठंही गेलं की इकडून "रेस्पे!" एक बकरी झोपडीत शिरली, तिलाही "रेस्पे!"

"ही शाळा आहे!" मास्तर ओरडत होते. ऐकतो कोण?

फिल्म अर्ध्यावर गेली. ग्रान कुठंच नाही. मास्तरांनी वळून तिच्याकडे नुसतं पाहिलं. ग्रानने केळ्याचा तुकडा तोंडात धरून ठेवला.

"ओने!"

"रेस्पे!" दोनशे तोंडं.

"ओने! अहो, ओने!"

"रेस्पे! रेस्पे!" लोक हसून हसून लोळायला आले.

ग्रान मात्र हसली नाही. चादरीवर तर एक डॉक्टर खुर्चीत बसून पाणी पीत होता. ना फाटक, ना वाट. मग हा धापा टाकतोय कोण?

"गप्प बसा रे, गाढवांनो! खरंच कुणीतरी आलंय!"

साखळी निघाली. बाहेर गावातला वीलनेर मोटारसायकल धरून उभा होता, मागे त्याची दिवस भरलेली बायको मिरलांद कळांनी दुमडून बसलेली. "ग्रान, हॉस्पिटलला निघालो होतो. त्या पोरांनी परत पाठवलं. इथं अर्धा तास ओरडतोय, तुम्ही नुसतं रेस्पे रेस्पे करताय! आत घेताय की नाही?"

"त्या पोरांतली चार माझ्याच हातची," ग्रान दात खात म्हणाली. "परत आत ढकलता आली असती, तर आजच ढकलली असती!"

मिस गेर्दाने मिरलांदच्या पोटाला हात लावला. "वेळच नाही ग्रान. वर्गात घ्या. माझ्याकडे हातमोजे आहेत, कात्री आहे. स्वच्छ कापड?"

दोघींनी एकाच वेळी पडद्याकडे पाहिलं. डॉक्टरचं पाणी पिऊन झालं होतं. आता पुढे कोण दिसणार, देव जाणे. ग्रान क्षणभर थांबली. एकच क्षण. मग जाऊन दोरीची गाठ ओढली, चादर गोळा केली आणि वर्गात शिरून दार लावून घेतलं.

अंगणात गलका उडाला. फिल्म चालूच होती, प्रोजेक्टरचा उजेड आंब्याच्या झाडावर सांडत होता. "शांतता! शांतता!" करत मास्तर मधे येऊन उभे राहिले आणि डॉक्टर अख्खाच्या अख्खा त्यांच्या शर्टावर उमटला.

"हलू नका मास्तर! श्वास सोडू नका!"

अंगणातलं हे सगळं ग्रानला पुढे लोकांनी शंभरदा करून दाखवलं. तेव्हा वर्गात ती बाकावर वाकली होती. "ढकल गं बाळा, अजून एकदा. शाबास, माझी राणी." आणि बाहेरून तिला एक आवाज ऐकू आला. म्हाताऱ्या बाईचा, जरा घोगरा, भांडखोर. तिचाच.

"ओने!"

मास्तरांच्या शर्टावर फिल्ममधली ती कुणाच्या तरी फाटकाशी उभी होती, पेटी डोक्यावर घेऊन.

अंगणात या वेळी कुणी हसलं नाही. तिने ओढून काढलेली सगळी पोरं, त्यांची पोरं, सगळी एका आवाजात म्हणाली, "रेस्पे!"

मिरलांदची मुलगी त्याच आवाजात बाहेर आली आणि सगळ्यांवर कडी करून रडली. मिस गेर्दाने नाळ कापली. ग्रानने बाळाला चादरीत गुंडाळलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पेट्रोल संपलं, जनरेटर ठसकून बंद पडला. मग वर्गाच्या दाराबाहेर कुणीतरी घसा खाकरला.

"ओने," ओदिलाँ मास्तर म्हणाले. स्वतःच्याच शाळेच्या दारात.

अंगण कान टवकारून बसलं होतं.

"ग्रान, ओने."

"आधी सांग," आतून आवाज आला. "कुठं जन्मलास?"

मास्तरांनी शर्ट खाली ओढला. "तुझ्या हातात गं," ते म्हणाले.

"रेस्पे," ग्रान म्हणाली. "ये आत. आणि डोकं बघ हिचं, किती गोल आलंय."