खिरापतीचं अनुदान

भुलाबाई इतकी वर्षं कुठल्याही उद्दिष्टाशिवाय आमच्या मारेगावात येत होती, हे आठवलं की मला आता तिच्या बेजबाबदारपणाचं नवल वाटतं. भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई मांडायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची, शेवटी घरच्या बाईनं झाकलेला डबा खुळखुळवायचा आणि आत कोणती खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही. ना अपेक्षित परिणाम, ना अहवाल. असा सगळा अडाणी कारभार होता.

आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात ही भुलाबाई सगळ्यात जास्त रंगायची. मग पोरींना शिकवण्या लागल्या, हातात मोबाइल आले, आणि एका वर्षी काकूंनी डबा खुळखुळवला तेव्हा समोर मी एकटीच होते. मी शाळेतली चित्रकलेची बाई, केस पिकलेली. मी खिरापतीची दोन-चार नावं घेतली, पण काकूंचे डोळे भरून आले होते. "पोरीच नाई तं खिरापत कोनासाठी करू वो मी?" त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. शिकलेल्या माणसाला वाईट वाटलं की तो अर्ज करतो. मोठ्या शहरातली एक संस्था गावोगावी कलाशिक्षण आणि लोकसहभाग वाढवायला अनुदान देत होती. अर्जात पहिलाच प्रश्न, प्रशिक्षकाची पात्रता काय? काकू म्हणाल्या, "लिवा, घसा आहे म्हना. अजून काय पायजे?" मी 'प्रदीर्घ अनुभव' असं लिहिलं. खिरापतीला रकाना नव्हता, म्हणून तिचा 'अल्पोपहार' झाला. अल्पोपहारात काय देणार ते आधीच कळवायचं होतं. मी शेंगदाण्याचे लाडू लिहिले आणि स्वतःवरच खूश झाले.

अनुदान मंजूर झालं. पहिला हप्ता आधी, दुसरा अहवालानंतर. पण काकूंचं अंगण नियमात बसत नव्हतं, तिथं मंच नव्हता. म्हणून भुलाबाईला समाजभवनात हलवलं. दारावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेचं चिन्ह पोळ्याच्या बैलाएवढं आणि भुलाबाई कोपऱ्यात, मुंगीएवढी. पारदर्शकता हवी म्हणून सगळ्या मंजूर बाबी फ्लेक्सवर छापल्या होत्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अल्पोपहार: शेंगदाण्याचे लाडू'.

संस्थेच्या समन्वयक मॅडम शहरातून गाडीनं आल्या. बोलायला अतिशय गोड. मी शाळेतून गोळा करून आणलेल्या पोरींनी सवयीनं फेर धरला, तर म्हणाल्या, "गोल नको, कॅमेऱ्याकडे पाठ होते." मग पोरी प्रार्थनेला उभ्या राहतात तशा रांगेत उभ्या राहून गायल्या. दिवसभर शेतात सोयाबीन सोंगून, हातपाय धुऊन आलेल्या त्यांच्या आया टिपऱ्या घेऊन मधे घुसल्या, तर त्यांनाही मॅडमनी हाताला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. लाभार्थी वेगळे, प्रेक्षक वेगळे, दोघांची नोंद वेगळी, असं त्यांनी समजावलं. ज्यांचं सगळं बालपण ही गाणी म्हणण्यात गेलं, त्या बाया लोकसहभाग म्हणून तोंड मिटून बसल्या.

शेवटी काकू डबा घेऊन आल्या. वरून पदरानं झाकलेला. त्यांनी तो खुळखुळवला आणि म्हणाल्या, "ओयखा!"

समोरच्या पोरीनं फ्लेक्सकडे पाहिलं आणि वाचून दाखवलं, "शेंगदाण्याचे लाडू." अर्जात ते मीच लिहिलं होतं.

"नाई," काकू म्हणाल्या.

सकाळी फ्लेक्स लागताना काकूंनी तो वाचला होता आणि घरी जाऊन सगळे लाडू गल्लीत वाटून टाकले होते, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी मॅडमच्या तोंडाकडे पाहत होते. मंजूर बाब डब्यात नाही म्हटल्यावर त्यांचा रंगच उडाला.

"गोड का तिखट?" मागच्या खुर्चीवरून एक आई ओरडली. दुसरी म्हणाली, "काकू, पुन्हा वाजवा बरं, ऐकू द्या." बघता बघता सगळ्याजणी खुर्च्या सोडून पुढे आल्या आणि काकूंभोवती कडं झालं. पोरी, आया, समाजभवनाची चावी सांभाळणारी बाईसुद्धा. मॅडम माइकवरून प्रेक्षकांनी जागेवर बसण्याची विनंती करत होत्या, कॅमेऱ्यात नुसत्या पाठी येत होत्या. आभारप्रदर्शन झालं, भवनाची वेळ संपली, तरी कुणालाच ओळखता येईना. काकूंनी डबा काखेत मारला. "ओयखलं नाई तं उघडत नाई. उद्या घरी या."

दुसऱ्या दिवशी दुपारीच अहवाल माझ्या मोबाइलवर आला. सोबत रिकाम्या खुर्च्यांचा फोटो. 'लोकसहभाग आढळून आला नाही. मंजूर अल्पोपहार दिला गेला नाही. दुसरा हप्ता रोखण्यात येत आहे.' वाचून माझं डोकं फिरलं. आता हे काकूंना कसं सांगायचं, या विचारात मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरी गोल करून बसल्या होत्या, त्यांच्यामागे आया, आणि काकू मधोमध डबा खुळखुळवत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात मला मॅडमचा फोन आला. लाडवांऐवजी डब्यात नेमकं काय होतं तेवढं लेखी कळवा, मग दुसऱ्या हप्त्याचं बघता येईल, असं त्या म्हणाल्या. मी वाकून काकूंना हळूच विचारलं.

काकूंनी डबा छातीशी धरला.

"पोरीइनं अजून ओयखलं नाई," त्या म्हणाल्या. "तिले म्हना, इथं ये, आमच्यात बस आन् ओयख."