पाण्याखाली डोकं, कंबरेत जोर

घाटनांदूरहून मी आणि माझी बायको दरवर्षी ऊसतोडीला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच आमची मोजणी. पण त्या साली दुष्काळ एवढा पसरला की ज्या सहकारी कारखान्याच्या फडात आम्ही जायचो, तिथला ऊससुद्धा चाऱ्याला गेला. मुकादमानं टोळीतल्या निम्म्या जोड्यांना घरीच थांबायला सांगितलं. मग टोळीतल्याच एका ट्रॅक्टरवाल्यानं कोकणातल्या एका नदीवरचं काम सुचवलं. तिथं शहरातली माणसं हौसेनं रबरी होड्यांतून उसळत्या पाण्यात उतरतात, आणि त्यांच्या तळावर स्वयंपाकाला, सामान वाहायला माणसं लागतात, असं तो म्हणाला. टँकर आला की घागरी घेऊन पळणाऱ्या आमच्या गावात ही गोष्ट कुणालाच खरी वाटली नाही. तरी आम्ही गेलो.

नदीच्या वरच्या अंगाला धरण होतं. वीज तयार करायला सकाळी पाणी सोडायचे आणि तासाभरात कोरडे दगड बुडून नदी पांढरी व्हायची. दुपारी पाणी बंद झालं की ती पुन्हा निवांत. मी स्वयंपाकघरात, बायको तंबू झाडायला आणि होड्या धुवायला. मोठ्या रबरी होड्यांच्या पुढं-मागं काही जण एकेकट्याच्या निमुळत्या होडीत असायचे. तिला कयाक म्हणतात. रबरी होडीतून कुणी पडलं तर हे कयाकवाले झपकन जाऊन त्याला गाठायचे. बायको होड्या धुताधुता त्यांच्याकडं बघत राहायची.

तिचं माहेर बीडजवळचं पाली. बिंदुसरेच्या धरणात ती लहानपणी म्हशींबरोबर पोहलेली. एक दिवस तिनं तळावरच्या शिक्षकांना, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, सरळ विचारलं की मला हे शिकवाल का. सर कोल्हापूरकडचे. उत्तरेतल्या पहाडी नद्यांवर बरीच वर्षं काढलेले. पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं. येतं म्हणाली. त्यावर ते म्हणाले, "मग तुला जास्त जपावं लागेल. पोहता येणारं माणूस वाहत्या पाण्यात उभं राहायला बघतं. पाय दगडात अडकला की गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला वाकवून बुडवतं."

म्हणून तिचा पहिला धडा पडण्याचा. तरंगतं ठेवणारं जॅकेट घालून पाण्यात उताणं पडायचं, पाय पुढं आणि वर ठेवायचे, म्हणजे खडक आला तर तो तळव्यांना लागेल, डोक्याला नाही. काठ जवळ दिसला तरी उभं राहायचं नाही. दुपारी नदी निवली की ती हे करत बसायची. मी भांडी घासत काठावरून बघायचो.

पुढचा धडा उलटं होण्याचा. कयाकमध्ये बसल्यावर कंबरेभोवती रबराचा घागरा येतो, तो होडीच्या तोंडावर घट्ट बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. पण होडी उलटली की माणूस डोकं खाली आणि पाय वर असा अडकतो. घाबरलेल्या माणसाला घागऱ्याची पट्टी ओढून बाहेर यायचंही सुचत नाही. सर तिला मुद्दाम उलटवायचे. उलटी झाल्यावर होडीच्या बुडावर हातांनी थापट्या मारायच्या, मगच पट्टी ओढायची, असा त्यांचा नियम होता. घाईनं बाहेर आलेलं त्यांना चालायचं नाही. पाण्याखालीही आपलं डोकं जाग्यावर आहे, हे त्या थापट्यांतून त्यांना कळायचं.

त्यानंतर होडीतून न निघता वल्ह्याच्या आणि कंबरेच्या जोरावर होडी सरळ करायची. हे तिला लवकर जमलं नाही. ती हातांनी जोर लावायची, डोकं आधी वर काढायची, आणि पुन्हा खाली जायची. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे. सर सांगायचे, आधी कंबर, डोकं सगळ्यात शेवटी. एका दुपारी ती गेली खाली आणि आली वर. केस तोंडावर चिकटलेले, आणि हसत होती. मी टाळी वाजवायला गेलो आणि हातातलं पातेलं नदीत गेलं. तेही तिनंच आणून दिलं.

मग पाणी ओळखणं सुरू झालं. मोठ्या खडकाच्या मागं पाणी उलटं फिरून थांबतं, तिथं विसावा घेता येतो. आडवं पडलेलं झाड दिसलं तर लांबूनच वाट बदलायची, कारण पाणी फांद्यांतून जातं आणि माणूस अडकून राहतो. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे जिथं पाणी खडकावरून खाली पडून मागं वळतं. वरून ती साधी दिसते, पण आत गेलेलं बाहेर सोडत नाही. कोणत्याही अवघड उतारात शिरण्याआधी काठावर उतरून, चालत जाऊन तो आधी बघायचा. उसाच्या फडात तिचा हात सगळ्यात चपळ म्हणून टोळीत नाव होतं. इथं तीच बाई एकेका खडकापाशी उकिडवी बसून बराच वेळ नुसतं बघत राहायची.

दुसऱ्या हंगामात सर तिला कयाकवाल्यांबरोबर पाठवू लागले, आणि तिथंच घात झाला. सकाळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त होतं. रबरी होड्यांच्या पुढं ती निघाली आणि एका उतारावर तिची होडी आडवी होऊन त्या मागं वळणाऱ्या पाण्यात सापडली. मी काठावर सामान घेऊन उभा होतो. होडी उलटली, सरळ झाली, पुन्हा उलटली. मग होडी एकीकडं आणि ती एकीकडं. तिचं लाल हेल्मेट वर यायचं आणि पुन्हा आत खेचलं जायचं. मी ओरडत होतो, पण माझा आवाज मलाच येत नव्हता. सरांनी काठावरून दोर फेकला, तो हुकला. तेवढ्यात ती दिसेनाशी झाली आणि बऱ्याच खाली जाऊन वर आली, उताणी, पाय पुढं. दुसऱ्या दोराला तिनं धरलं. खांदा सुजला होता आणि ओठ निळे पडले होते.

नंतर तिनं सांगितलं की वर यायची धडपड सोडून ती अंग आखडून खाली गेली, आणि तळातल्या पाण्यानं तिला बाहेर ढकललं. हे सरांनीच शिकवलं होतं, पण ते तिला फार उशिरा आठवलं.

खांदा बरा होईपर्यंत ती होडीकडं फिरकली नाही. एका संध्याकाळी चुलीपाशी मी म्हणालो, "सोड आता हे. कावून जिवाशी खेळतीस? आपलं सैपाकाचं काम बरं हाय."

ती पीठ मळत होती. मळतामळताच म्हणाली, "भ्या मला पाण्याचं न्हाई वाटत. आत काय करायचं ते येळेवर आठवलं न्हाई, त्याचं भ्या वाटतंय. ते आठवंस्तोवर मी शिकणार. तुमी नुसतं बघत बसू नका. दोर फेकायला शिका."

मी शिकलो. थैलीतला दोर पोहणाऱ्याच्या पुढं पडला पाहिजे, मागं पडला तर उपयोग नाही. तळाच्या मैदानात भोपळा ठेवून मी रोज फेकायचो. आणि ती पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू झाली. उताणं वाहणं, उलटं होणं, थापट्या. नवीन आलेली शहरातली पोरं शेजारी हेच करत असायची, तरी तिला त्यात कमीपणा वाटला नाही. ज्या उतारानं तिला धरलं होतं तिथं ती रोज सकाळी जाऊन बसायची, पाणी कमी असताना आणि जास्त असताना. मग एका सकाळी सरांना म्हणाली, आज जाते. मी खालच्या खडकावर दोर घेऊन उभा राहिलो. तिनं वरच्या खडकामागं होडी थांबवली, श्वास घेतला, आणि डावीकडून तिरपी, भराभरा वल्हं मारत आली. फेसात होडीचं टोक बुडालं, वर आलं, आणि ती माझ्यासमोरून पुढं गेली. दोर माझ्या हातात तसाच राहिला.

पुढं तळाच्या मालकानं धंदा सोडला, तेव्हा सरांच्या पुढाकारानं आम्ही कामगारांनी मिळून सहकारी संस्था काढली. उसाच्या कारखान्याचे सभासद आम्ही दुरून बघितलेले, इथं आम्ही दोघंही सभासद झालो. पहिल्या सभेत पाण्यातल्या सुरक्षेचं काम कुणाकडं द्यायचं हे ठरलं, आणि तिच्या नावाला कुणी हरकत घेतली नाही.

त्या पावसाळ्यात बाहेरचे काही नावाजलेले कयाकवाले आले. नदी गढूळ आणि भरलेली. वरच्या अंगाला नदी एका जागी धबधब्यासारखी पडते, तिथून होडीनं उतरायची त्यांना इच्छा होती. सर आधी कयाकमधून खाली गेले, नीट गेले. हिची पाळी आली. ती काठावर उतरली, खडकांवरून खालीवर फिरली, एका ठिकाणी खूप वेळ बघत उभी राहिली. सगळे वाट बघत होते. मला वाटलं, एवढ्या लोकांपुढं ती आता जाणारच.

ती आली आणि मला म्हणाली, "आज न्हाई. खाली एक झाड अडकलंय, त्याची एक फांदी नुसती हलतीय. बाकीचं मला दिसंना."

तिनं कयाक खांद्यावर घेतली आणि काठानं चालू लागली. वल्हं मी घेतलं. वाट निसरडी होती, करवंदीच्या जाळ्या अंगाला ओरबाडत होत्या, आणि ती एकदाही मागं न बघता पुढं जात होती. थोड्या अंतरावर मी वळून पाहिलं, तर त्या नावाजलेल्यांपैकी दोघं आपापल्या होड्या उचलून आमच्या मागून येत होते.