चिटगुप्प्याच्या टॉकीजमधली घरघर

वहिनी गेल्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीत मी बीदरहून चिटगुप्प्याला अण्णाकडे राहायला गेलो. अण्णा माझा थोरला भाऊ, टॉकीजमध्ये ऑपरेटर. घरी आता तो एकटाच. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं मला प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये नेलं. पिक्चरच्या आवाजामागं सतत घरघर येत होती. नायिका हळू बोलायला लागली की खालून लोक ओरडत, "अण्णा, भुंगा काढा की भाईर!"

मालकानं बजावलं होतं, "शुक्रवारी नवं पिच्चर लागतंय. तवर आवाज साफ न्हाई झाला तर गुलबर्ग्याहून दुसरा माणूस आणतो."

अण्णाला दुसरं कुठलं काम येत नव्हतं.

फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते. तिच्यातून दिव्याचा उजेड फोटोसेलवर पडतो आणि त्यातून निघणारा इवलासा प्रवाह अ‍ॅम्प्लिफायर हजारो पटींनी वाढवतो. सोबत जे शिरेल तेही वाढतं. आम्ही फोटोसेलची तार बदलून, बाहेरची वीज अडवणाऱ्या जाळीत गुंडाळलेली तार घातली. जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली तर घरघर वाढली. एकाच टोकाला जोडली तेव्हा कमी झाली. गेली मात्र नाही. मग फिल्म काढली, आवाजाचा दिवा बंद केला. तरी चालूच. शेवटी फोटोसेलवर तळवा धरला, आणि ती थांबली.

म्हणजे ती उजेडातून येत होती. शो चालू असताना केबिनमध्ये उघडा जळे तो एकच, अण्णानं भिंतीवर लावलेल्या वहिनीच्या फोटोपुढचा छोटा बल्ब. विजेचा दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, फोटोसेलला कळतं.

"वर्ष होईस्तोवर इझवायचा न्हाई, असं ठरवलंय मी," अण्णा म्हणाला.

"मग तेलाचा लाव."

"फिल्मच्या खोलीत काडी वढू? कसला मास्तर रे तू!"

"घरी लाव की."

"घरात वीज न्हाई. अन् तेल कोण घालील? मी दिवसभर हितं."

फोटोसेलभोवती काळं कापड बांधून पाहिलं. फिल्म सरकायची वाट उघडीच ठेवावी लागे. तिथून उजेड शिरेच.

"सुट्टीभर मी घालतो," मी म्हणालो.

शुक्रवारी त्यानं फोटो सायकलवरून घरी आणला. तोवर केबिनमधला बल्ब नुसत्या खिळ्यापुढं जळत होता. समई नीट पेटल्यावरच तो परत जाऊन बल्ब काढायला निघाला.

मी पुस्तक घेऊन समईजवळ बसलो. मध्यंतरात अण्णा घामेघूम होऊन आला. आधी वातीकडं पाहिलं.

"साफ आला आवाज. मालक काय बोलला न्हाई."

"बस की, च्या करतो."

"रीळ लावायचंय," म्हणत तो गेला.

तो पिक्चर मी पाहिला नाही. सुट्टी संपत आली तेव्हा शेजारच्या अक्कांना तेलाची बाटली दाखवून ठेवली. "घालते की, तुमी जावा," त्या म्हणाल्या. मला नीटसा भरवसा वाटला नाही. पण शाळा उघडत होती.