बेरीज आणि वक्र

संशोधनाचा विषय मांडायला मी विद्यापीठाच्या समितीपुढे बसले होते. अध्यक्ष सर माझं ऐकता ऐकता बशीतले शेंगदाणे टेबलावर मांडत होते, तीन-तीन एका ओळीत, एकेक दाणा दोन-दोन ओळींत येईल असे.

“संख्यांच्या बेरजा की वक्ररेषांची भूमिती?” त्यांनी विचारलं. “एक काहीतरी ठरवा, मॅडम.”

लग्न झाल्यावरही लोक मला असंच विचारायचे, आता तू माहेरची की सासरची? मी ‘दोन्हीकडची’ म्हणायचे आणि लोकांना ते उद्धट वाटायचं. कुंपण घातलं की राखण सोपी होते, हे खरंच आहे. पण मुळात जे जोडलेलं आहे, ते राखणदारांच्या सोयीसाठी का तोडायचं?

मी दाण्यांकडे बोट केलं. “सर, ठिपक्यांच्या अशा खूप ओळी जुळल्या, तर ते ठिपके बहुतेक एका खास वक्रावर सापडतात. त्या वक्रावर ठिपक्यांचीही संख्यांसारखी बेरीज करता येते, आणि एका ओळीतल्या तिघांची बेरीज शून्य येते. याला आता भूमिती म्हणायचं की बेरीज?”

त्यांनी दाणे गोळा करून परत बशीत टाकले. “या विषयाला मार्गदर्शक मिळणार नाही तुम्हाला,” ते म्हणाले.

“मग एकटी करीन.”

विषय नामंजूर झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर नवऱ्याने चहा पुढे ठेवत जपून विचारलं, “मग आता कुठला विषय घेणार?”

“हाच,” मी म्हटलं.