इंटरनेटची बारी

इंटरनेटला विहिरीच्या पाण्यासारखं जपणारा माणूस मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा. नांदेडच्या आमच्या विद्यापीठात मी ग्रंथालय सांभाळायचे आणि हे भूगर्भशास्त्राचे सर संगणक कक्ष. सगळ्या विद्यापीठाला मिळून इंटरनेटची एकच लाइन, तीही सुतळीएवढी. सरांनी तिला गावाकडच्या सामाईक विहिरीचा नियम लावला: ज्याची बारी, त्यानंच पाणी घ्यायचं. वेळ संपली की सर त्या विभागाच्या दारात उभे. "रसायनवाले, मोटर बंद करा आता. इतिहासाचं रान वाळून राहिलं." एकदा खुद्द कुलगुरूंनी बारी नसताना क्रिकेटचा स्कोअर उघडला. सरांनी त्यांची वायर काढली आणि वर चहा पाठवला.

स्वतः मात्र ते बारी घेत नसत. लातूरकडच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं होतं. तेव्हापासून ते तिकडच्या जमिनीच्या हालचालींच्या नोंदी जमवत होते. एका परदेशी संशोधन केंद्रानं त्या मागवल्या, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी सरांनी पहिल्यांदा आख्खी लाइन स्वतःकडे घेतली. फाइल मुंगीच्या चालीनं जात होती. कुणी पाय आपटत गेलं तरी सर दटावायचे, जणू आवाजानं ती दचकेल.

निम्मी गेली असेल, तेवढ्यात आमची एक संशोधक विद्यार्थिनी धापा टाकत आली. मुखेडची पोरगी, लातूरला कोचिंग क्लासात शिकवून इथं पीएचडी करायची. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेनं तिची संगणकावरची मुलाखत अचानक आजच ठेवली होती.

"माझी बारी न्हाई, माहिताय सर," ती म्हणाली आणि दारातच थांबली.

फाइल मध्येच तोडली की पुन्हा पहिल्यापासून.

"सर, तुमची मुदत," मी आठवण करून दिली.

"बाई, आमची जमीन लाखो वर्षं हलून राहिली. ती थांबंल. ह्या पोरीला कोण थांबतंय?" म्हणाले आणि फाइल तोडायचं बटण स्वतःच दाबलं.

ती निवडली गेली. सरांच्या नोंदी मुदतीत गेल्या नाहीत, त्या केंद्रानं पुन्हा विचारलंही नाही. मी चांगलं सुनावलं, तर म्हणाले, "पोरगी लागली ना? मग झालं तर."

आता विद्यापीठात इंटरनेटला तोटा नाही. सर निवृत्त होऊन लातुरात राहतात, घरी त्यांची स्वतःची लाइन आहे. तरी भूकंपाची एखादी मोठी फाइल उतरवायची असली की आधी मला नांदेडला फोन येतो. "बाई, तुमचं काही चालू न्हाई ना? मी घेऊ का बारी?"

त्यांची लाइन वेगळी, माझी वेगळी, हे मी पूर्वी समजावत बसायचे. आता नुसतं म्हणते, "घ्या सर. सगळ्यांचं रान भिजून झालं."