अठ्ठेचाळीस तास आणि एक बंद संगणक

त्या तीन दिवसांतला प्रत्येक तास मला आजही क्रमाने सांगता येतो. बुधवारी सकाळी अकरा वाजता मी एका माणसाला ताब्यात घेतलं. शुक्रवारी अकराच्या आत त्याला सोडायचं की नाही, हे ठरवायला माझ्याजवळ एक बंद पडलेला संगणक होता, आणि संगणकातलं मला काहीही कळत नव्हतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि मी तिथल्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे ठाण्याचा प्रमुख. शहरातल्या एका खाजगी तांत्रिक प्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा रविवारी झाली. या संस्थेतून निघालेल्या मुलांना लहानमोठ्या कारखान्यांत काम मिळे, म्हणून अर्ज भरपूर येत. सोमवारी कळलं की पेपर आदल्या दिवशीच फुटला होता. हाताने उतरवलेल्या पेपरच्या झेरॉक्स प्रती गावभर फिरल्या होत्या. पालकांनी संस्थेच्या काचा फोडल्या, प्राचार्यांना चार तास खोलीत कोंडलं. मंगळवारी गुन्हा नोंदवला. वरून दर दोन तासांनी विचारणा सुरू झाली.

बुधवारी सकाळी रोजनामचा लिहून होत होता, तेवढ्यात फोन वाजला. पुरुषाचा आवाज, हिंदी.

"चरोदा, रेलवे कॉलोनी। वहाँ एक आदमी कंप्यूटर सुधारता है। संस्था की मशीन उसी के घर खुली पड़ी है। अलमारी के ऊपर खाकी लिफाफा है, उसमें फ्लॉपी है। पेपर उसी में है।"

नाव विचारताच फोन ठेवला गेला. खबर इतकी नेमकी होती की मी जीप काढायला सांगितलं.

तो माणूस रेल्वेत टेलिफोन आणि सिग्नलची देखभाल करणारा कर्मचारी होता. मूळचा भंडाऱ्याकडचा. ड्युटी संपल्यावर घरी रेडिओ, टीव्ही आणि अलीकडे संगणक दुरुस्त करी. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल आणि टेबलावर पाठ उघडी पडलेलं ते यंत्र. पडदा, डिस्क, फ्लॉपीची खाच, सगळं एकाच पेटीत. दिसायला जाड टीव्हीसारखं. कपाटावर खाकी पाकीट होतं. पंच यायला पाच मिनिटं होती, पण माझ्या हवालदाराला दम निघाला नाही. त्याने पाकीट चिकटवलेल्या बाजूनेच फाडलं. आत फ्लॉपी निघाली.

"अरे, त्यावर सही होती!" तो माणूस ओरडला. "बाबूची सही होती चिकटवलेल्या जागेवर. तुमी तीच फाडली, साहेब!"

त्याचं म्हणणं असं होतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्रातला मजकूर तो आधी फ्लॉपीवर उतरवून ठेवी. ती पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर गिऱ्हाइकाची सही घेई. काम झालं की गिऱ्हाइकाने सही तपासायची आणि पाकीट न्यायचं. संस्थेचे बाबू शनिवारी येऊन सही करून गेले होते. म्हणजे पाकीट उघडलं गेलं नव्हतं, याचा एकमेव पुरावा हवालदाराच्या हातात चिंध्या होऊन पडला होता. मी त्याला गप्प राहायला सांगितलं आणि जप्तीपत्रक लिहायला घेतलं. पाकीट कसं उघडलं, हे लिहिताना माझं पेन अडलं, हे मला आठवतं. त्या दिवशी मी एवढंच लिहिलं: 'पाकीट व फ्लॉपी जप्त.'

ठाण्यात चौकशी झाली. मारहाण केली नाही, पण आवाज चढवला.

"पेपर यंत्रात आहे हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग कॉपी का केली?"

"डिस्क बसली तर गिऱ्हाईक मलेच धरते, साहेब. मी वाचत नाही. डाक्टर पेशंटच्या खिशातली चिठ्ठी वाचते काय?"

"वाचत नाहीस तर पेपर फुटला कसा?"

"ते मी कसं सांगू? मले तर अजून तो पेपर कोणी दाखवलाही नाही."

खरंच दाखवला नव्हता. दाखवायची गरज आम्हाला वाटली नव्हती.

संध्याकाळी संस्थेच्या बाबूंना बोलावलं. पन्नाशीचे, स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेनं. "दस्तखत मेरा है साहब," ते म्हणाले, "पर बाद में भाप देकर खोल लिया होगा।" मला ते पटण्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी दुर्गच्या कोर्टात हजर करून एका दिवसाचा रिमांड घेतला. परत आलो तर त्या माणसाची बायको ठाण्याच्या पायऱ्यांवर बसली होती. हातात डबा. तो हवालदाराकडे देऊन ती थेट माझ्या टेबलापुढे आली.

"साहेब, यायले काल अकरा वाजता धरलं ना?"

"हो."

"उद्या अकरा वाजता अठ्ठेचाळीस तास होतात. त्याच्यावर एक मिनिट गेलं तर रेल्वे आपोआप सस्पेंड करते. कोणाले विचारतबी नाही. आमच्या लाइनीतल्या एकाले तसंच केलं. पुढं निर्दोष सुटला, पण तोवर पोरींची शाळा सुटली होती. मले दोन पोरी आहेत."

नियम मला माहीत होता. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडीत राहिला की निलंबित झालेला धरला जातो. पण तिने तो माझ्यासमोर मांडला तेव्हा त्याला पहिल्यांदा घड्याळ लागलं.

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

"तपास करा ना. मी कुठं नाही म्हणते? पण यायले पेपर तर दाखवा. ते मशीन खोलून चूक शोधतात, कागदातबी शोधतील."

सल्ला आगाऊ होता आणि बरोबर होता. दुपारी एक वाजता मी कोठडीतून त्याला बाहेर काढून फुटलेल्या पेपरची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवली. त्याने चारही पानं शांतपणे पाहिली. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. विजेच्या जोडणीची आकृती होती, चार, सहा आणि बारा ओहमचे रोध, आणि त्यावरचा प्रश्न.

"ही आकृती मशीनमधून आली नाही, साहेब."

"कशावरून?"

"त्या मशीनमध्ये हिंदी अक्षरांचं कार्ड आहे. अक्षरं निघतात, आकृती निघत नाही. फार तर आडव्या रेघा. हे आकडे आकृतीतच आहेत, प्रश्नात नाहीत. म्हणजे फ्लॉपीत हे असूच शकत नाही. मग माझ्याकडून फुटलं कसं?"

"फ्लॉपी दुसऱ्या संगणकावर पाहू."

"दिसणार नाही. ते कार्ड दुसऱ्यात नाही. नुसती कचऱ्यासारखी चिन्हं येतील. तीच मशीन चालू करा लागते."

यंत्र मुद्देमालाच्या खोलीत होतं. आदल्या दिवशी जीपच्या मागच्या बाजूला आदळत आलेलं. एका शिपायाने उत्सुकतेपोटी प्लग लावूनही पाहिला होता. ते किंचाळून गप्प झालं होतं. आता ते दुरुस्त कोण करणार? शहरात दुसरा जाणकार शोधायला वेळ नव्हता. आरोपीच्या हाती मुद्देमाल द्यायचा म्हणजे उद्या वकील माझी साल काढणार. मी डीएसपींना फोन केला. ते म्हणाले, "लिखकर कीजिए। बिगड़ा तो आपका, बना तो सबका।"

दोन नवे पंच बोलावले. संस्थेच्या बाबूंनाही बोलावलं, कारण तो हिंदीचा प्रोग्राम चालवणं त्यांनाच येत होतं. साडेचार वाजता माझ्या टेबलावर यंत्र ठेवलं. प्रत्येक कृती मुन्शी लिहून घेत होता.

त्याने हत्यारं मागितली: पेचकस, ब्रश, सोल्डरिंगचा डाग देण्याची इस्त्री, शाळकरी खोडरबर. पाठ उघडली आणि आम्हाला मागे सरकायला सांगितलं.

"प्लग काढलेला आहे," हवालदार म्हणाला.

"प्लग काढला म्हणून हा मेला नाही, मामा. पिक्चर ट्यूब करंट धरून बसते."

पेचकसाला बांधलेल्या तारेचं एक टोक त्याने पत्र्याला लावलं आणि पातं ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. फट्कन आवाज झाला. "ए ददा!" म्हणत हवालदार दारापर्यंत गेला. त्या क्षणी मला करंटची भीती वाटली नाही. आरोपी माझ्या टेबलावर मेला तर काय, ही भीती वाटली.

आत काळी, चकाकणारी धूळ होती. त्याने लहान चुंबक कागदात गुंडाळलं. "फ्लॉपी लांब ठेवा आधी," म्हणाला, आणि झटकलेल्या धुळीवरून ते फिरवलं. कण उठून कागदाला चिकटले. "पाहा. ही धूळ नाही, पोलाद कारखान्यातलं लोखंड आहे. आपल्या भिलाईतली मशीन दुसरीकडच्यापेक्षा लवकर मरते." ब्रशने पाटी साफ केली. मेमरीच्या चिप्स अंगठ्याने एकेक दाबून बसवल्या. जीपच्या धक्क्यांनी त्या उचलल्या होत्या. कार्डाचे पिवळे दात खोडरबराने घासले. प्लग लावला. एक लहान बीप, आणि पडदा उजळला.

बाबूंनी कळा दाबल्या. पहिलं पान आलं. दुसरं आलं. तिसऱ्याकडे जात असताना पडदा आकसून बिंदू झाला आणि विझला.

पावणेसहा वाजले होते.

"हाच मूळ रोग," तो म्हणाला. "गरम झाली की बंद पडते. हेच शोधून राहिलो होतो, तेवढ्यात तुमी आले."

पुन्हा तार, पुन्हा फट्कन आवाज. या वेळी हवालदार जागचा हलला नाही. वीज येते त्या भागातली पाटी त्याने बाहेर काढली, उजेडाकडे तिरपी धरली आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मी तीनदा घड्याळ पाहिलं. मग त्याने मला जवळ बोलावून एका जाड पायाभोवती केसाएवढी गोल भेग दाखवली. थंड असताना ती मिटलेली राही, तापली की उघडे. त्याने इस्त्री टेकवली, नवा डाग दिला, फुंकर घातली नाही. "आपोआप निवू द्या लागते," म्हणाला.

यंत्र पुन्हा सुरू झालं. तिसरं पान आलं. चौदाव्या प्रश्नाखाली सात-आठ ओळींची कोरी जागा होती. आकृती नव्हती, आकडे नव्हते. पंचांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं.

मी बाबूंना विचारलं, "यह जगह खाली क्यों है?"

"वो... आकृति हाथ से बनती है साहब। प्रिंटर की रिबन निकालकर स्टेंसिल काटते हैं, फिर लोहे की कलम से आकृति। उसी से सारी प्रतियाँ छपती हैं।"

"कौन बनाता है?"

त्यांनी खिशातली पेनं चाचपली. "मैं।"

"और स्टेंसिल?"

"छपाई के बाद जला देते हैं। रजिस्टर में प्राचार्य जी के दस्तखत हैं।"

"जलते हुए उन्होंने देखा?"

त्यांचा हात पुन्हा पेनांकडे गेला. तेव्हा मला बुधवारचा फोन आठवला. कपाटावरचं खाकी पाकीट. ते पाकीट कुठे ठेवलं, हे त्या घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. शनिवारी त्यावर सही करणाऱ्याला. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

"फोन कहाँ से किया था, बाबूजी?"

ते खुर्चीवर बसले. अर्ज वाढत होते, आणखी प्रती काढाव्या लागतील म्हणून स्टेन्सिलं न जाळता वर्तमानपत्रात घालून त्यांनी घरी नेली होती. दरवर्षी असंच करत. यंदा परीक्षेला बसलेला मेहुणा घरातच राहत होता. पेपर फुटल्यावर त्यांना सगळं उमगलं. "मैं डर गया था," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सातला बाबूंच्या घरातून पंचांसमक्ष स्टेन्सिलं जप्त केली. तिसऱ्यावर आकृती होती. साडेनऊपर्यंत मेहुण्याचा जबाब झाला. मग मी केस डायरी उघडली. सोडण्याचं कारण लिहायचं तर पाकिटाचं खरं लिहिणं भाग होतं. लिहिलं: 'पंच येण्यापूर्वी आमच्या कर्मचाऱ्याने पाकीट सहीच्या जागी फाडले. मी हजर होतो.' त्या वाक्याबद्दल पुढे माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. तो योग्य होता.

दहा वाजून सदतीस मिनिटांनी त्याला मुचलक्यावर सोडलं. बायकोने कागद घेऊन वाचला आणि परत केला.

"वेळ अक्षरांत लिहा, साहेब. आकडा कोणीबी बदलते."

मी अक्षरांत लिहून खाली पुन्हा सही केली. त्याची दोनची पाळी होती. निलंबन टळलं होतं.

पुढच्या सेवेत मी अनेक खबरी घेतल्या. खबर खरी निघाली की पोलिसाला आनंद होतो आणि त्या आनंदात, खबर देणाऱ्याला हे कसं कळलं, हे विचारायचं राहून जातं. मी नंतर तो प्रश्न नेहमी आधी विचारला. पण एका घरासाठी तो अठ्ठेचाळीस तास उशिरा विचारला गेला होता, हेही मला कळत होतं.

त्या दिवशी मी दोघांना म्हणालो, "चला, जीपने घरी सोडतो तुम्हाला."

ते बसले. चरोद्याची कॉलनी दिसायला लागली तशी बायकोने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

"घर पुढं आहे ना?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "पण बुधवारी ही गाडी आमच्या दारात उभी होती, साहेब. आता पुन्हा नको. आमी पायी जातो."

ती दोघं उतरली. ओळीतल्या पहिल्याच क्वार्टरच्या ओट्यावर दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी बोलणं थांबवलं. ही दोघं त्यांच्यासमोरून सावकाश चालत गेली.